सोन्नार आणि प्लानार : एका जुन्या वादाचा इतिहास

छायाचित्रणाचा नाद असलेले दोन गृहस्थ एकत्र आले म्हणजे थोड्याच वेळांत भिंगांचा विषय निघतो, आणि भिंगांचा विषय निघाला म्हणजे कोणाचें भिंग अधिक रेखीव या प्रश्नावरून वादाला तोंड फुटतें. असे वाद आम्ही गेलीं तीस वर्षें ऐकत आलों आहों. कांहींत आम्हीं स्वतः भागही घेतला आहे, हें प्रारंभींच कबूल केलेलें बरें. या वादांत एक चमत्कार नेहमीं आमच्या नजरेस येतो. दोन्ही पक्ष पुरावा म्हणून चित्रें पुढें करतात, दोघांचींही चित्रें खरीं असतात, आणि तरी निकाल लागत नाहीं. वादी हट्टी असतात हें याचें एक कारण. परंतु 'रेखीवपणा' या एका शब्दाच्या पोटांत दोन तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, हें त्याहून मोठें कारण. त्या गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या ओळखण्यास युरोपांतील पंडितांस व कारागिरांस शंभरावर वर्षें लागलीं, आणि दरम्यानच्या काळांत एका उत्तम भिंगावर बराच अन्याय झाला. त्या अन्यायाची हकीकत येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम परिभाषेविषयीं दोन शब्द. ज्या भिंगाचें नाभ्यंतर ५० मि. मी. च्या आसपास असतें, तें ३५ मि. मी. फिल्मच्या कॅमेऱ्याचें 'स्टँडर्ड' भिंग समजलें जातें. भिंगाचें तोंड किती मोठें, हें नाभ्यंतराशीं प्रमाण लावून सांगतात. तोंडाचा व्यास नाभ्यंतराच्या निम्मा असला तर तें एफ २ चें भिंग. आंकडा जितका लहान तितकें तोंड मोठें, प्रकाश अधिक, आणि चित्र घेण्यास लागणारा वेळ थोडा. म्हणून अशा भिंगास 'फास्ट' म्हणण्याचा प्रघात पडला. आम्ही त्यास शीघ्र भिंग म्हणूं. एफ ३.५ चें भिंग टाकून एफ १.५ चें घेतलें तर पांचपटींहून अधिक प्रकाश हातीं येतो. परंतु हा लाभ फुकट मिळत नाहीं. भिंगाच्या कडेजवळून जाणारे किरण मधल्या किरणांच्या नाभीवर येऊन मिळत नाहींत, आणि त्यामुळें बिंदूच्या जागीं ठिपका उमटतो. तोंड दुप्पट केलें तर हा ठिपका दुप्पट न होतां सुमारें आठपट होतो. शीघ्र भिंगाचा सारा इतिहास म्हणजे या आठपटीशीं चाललेलें भांडण होय.

या भांडणांतील पहिला मोठा विजय व्हिएन्ना येथील गणिताचे अध्यापक योसेफ पेत्झवाल यांनीं १८४० सालीं मिळविला. आदल्याच वर्षीं दागेरची कृति जाहीर झाली होती. पण तिच्याबरोबर वापरण्यांत येणारें शव्हालिए यांचें भिंग इतकें मंद होतें कीं, त्यापुढें बसलेल्या माणसास मिनिटेंच्या मिनिटें पुतळ्यासारखें स्थिर राहावें लागे. पेत्झवाल यांनीं गणित मांडलें, आंकडेमोडीस तोफखान्यांतील गणित जाणणारे सैनिक मागून घेतले, आणि एफ ३.६ च्या सुमाराचें भिंग सिद्ध केलें. फोइग्टलेंडर यांनीं तें घडविलें. प्रकाश दहापटींहून अधिक मिळूं लागला, आणि माणसांचीं चित्रें घेण्याचा धंदा उभा राहिला. आतां हें भिंग शव्हालिएच्या भिंगाहून रेखीव होतें काय? चित्राच्या मध्यभागीं पाहाल तर निःसंशय होतें. कडांकडे पाहाल तर मुळींच नव्हतें. मध्यभागीं चेहरा असे, म्हणून गिऱ्हाईक संतुष्ट. देवळांचे व नगरांचे देखावे घेणारा मात्र जुन्या मंद भिंगासच चिकटून राहिला. पेत्झवाल यांचें पुढें फोइग्टलेंडर यांच्याशीं बिनसलें, आणि १८५९ सालीं घरांत चोर शिरून त्यांच्या हस्तलिखितांची नासधूस झाली. त्यानंतर त्यांनीं प्रकाशशास्त्राकडे पाठ फिरविली.

म्युनिक येथील झायडेल यांनीं १८५६-५७ च्या सुमारास भिंगाच्या दोषांचीं पांच खातीं पाडलीं, आणि १८८४ सालीं येना येथें शॉट यांचा कांचेचा कारखाना निघून पूर्वीं नव्हत्या अशा जातींच्या कांचा मिळूं लागल्या. गणित आणि कांच हीं दोन्ही हातांत असलेला मनुष्य आतां पाहिजे होता. तो येना येथील झाइसच्या कारखान्यांत पॉल रुडॉल्फ यांच्या रूपानें लाभला. सुप्रसिद्ध गणिती गाउस यांनीं १८१७ सालीं दुर्बिणीसाठीं दोन चंद्रकोरी कांचांची एक जोडी सुचविली होती. अशा दोन जोड्या पाठीस पाठ लावून ठेवाव्या, ही युक्ति अमेरिकेंतील अल्व्हन क्लार्क यांनीं १८८८ सालीं काढली. रुडॉल्फ यांनीं त्या जोड्यांत जाड कांचा घातल्या, त्या कांचांचे दोन दोन तुकडे करून चिकटविले, आणि १८९६ सालीं सहा कांचांचें 'प्लानार' जन्मास घातलें. सपाट प्लेटवर कडेपासून कडेपर्यंत सपाट चित्र पाडणारें, असा त्या नांवाचा आशय. मध्य आणि कडा असा पक्षपात न करणारें, आणि तरीही एफ ३.६ पर्यंत तोंड उघडणारें भिंग पूर्वीं कोणीं पाहिलें नव्हतें. झायडेल यांच्या पांचही खात्यांचा हिशेब त्यांत एकदमच चुकता झाला होता, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

आणि तें भिंग चाललें नाहीं! उन्हांत किंवा समोर दिवा असतांना प्लानारनें घेतलेलीं चित्रें पांढुरकीं येत, सावल्यांत राख फासल्यासारखी दिसे. येथें थोडें गणित वाचकांनीं सहन करावें, कारण सगळी कथा त्यावर उभी आहे. जेथें कांच व हवा यांची गांठ पडते, अशा प्रत्येक उघड्या पृष्ठावरून येणाऱ्या प्रकाशापैकीं शेंकडा ४ ते ६ भाग मागें परततो. रात्रीं दिवा लावून खिडकीपाशीं उभें राहिलें असतां कांचेंत आपलें तोंड दिसतें तें यामुळेंच. प्लानारच्या सहा कांचा चार गटांत बसविलेल्या होत्या, म्हणजे हवेशीं गांठ पडणारीं पृष्ठें आठ. दर पृष्ठास शेंकडा ५ धरले तर १०० पैकीं ६६ भाग प्रकाश पार जातो. एवढें नुकसान सोसतां येतें. थोडा वेळ अधिक दिला कीं झालें. खरी पीडा परतलेल्या प्रकाशाची. तो वाटेंत दुसऱ्या पृष्ठावर आपटून पुन्हां फिरतो, आणि आपली जागा सोडून भलत्याच ठिकाणीं प्लेटवर उतरतो. अशी दोनदां टक्कर घेण्यास दोन पृष्ठें लागतात. सहा पृष्ठांत अशा जोड्या १५ होतात, आठांत २८, आणि दहांत ४५. समजा, चित्रांतील उजळ भागीं १०० आणि सावलींत १ असा प्रकाश पडावयाचा आहे. त्यावर सर्वत्र २ भाग भटका प्रकाश पसरला तर एकीकडे १०२ होतात आणि दुसरीकडे ३. शंभरास एक हें प्रमाण चौतिसास एक होऊन बसतें. उजेडास त्याचा पत्ताही लागत नाहीं, सावली मात्र बुडते.

पाहणारा काय म्हणतो? तो म्हणतो, 'हें भिंग रेखीव नाहीं.' वास्तविक रेघ जेथें पडावयाची तेथेंच पडलेली असते, आणि तितकीच बारीकही असते. तिच्यावर फक्त एक धुक्याचा पडदा आलेला असतो. उठाव गेलेला असतो, रेखीवपणा नव्हे. परंतु डोळा हा भेद करीत नाहीं, आणि त्या काळीं पंडितांजवळही तो भेद मोजण्याचें साधन नव्हतें. रुडॉल्फ यांनीं स्वतःच आपल्या अपत्याचा पक्ष सोडला, आणि १९०२ सालीं 'टेसार' हें चारच कांचांचें, सहाच पृष्ठांचें भिंग काढलें. एफ ६.३ चें हें मंद भिंग. पण त्याचीं चित्रें काळींभोर आणि लखलखीत येत. टेसारनें जग जिंकलें. प्लानार कांहीं विशेष कामापुरतें उरलें.

पाठीस पाठ लावलेल्या त्या रचनेस १९२० सालीं लेस्टर येथील टेलर, टेलर अँड हॉब्सन कंपनींतील एच्. डब्ल्यू. ली यांनीं पुन्हां हात घातला. दोन्ही अर्धीं सारखींच पाहिजेत हा आग्रह त्यांनीं सोडला, आणि एफ २ पर्यंत मजल मारली. पुढें सिनेमाच्या कारखान्यांत त्याच्या वंशजांनीं चांगलें बस्तान बसविलें. तेथें दिवे कोठें ठेवावयाचे हें आपल्या हातीं असतें. झाइसच्याच मेर्टे यांनीं १९२७ सालीं याच कुळांतील 'बिओटार' काढलें. पण उघड्या जगांत, रस्त्यांत, रंगभूमीसमोर, जेथें दिवे आपलें ऐकत नाहींत तेथें, आठ पृष्ठांचें पाप कायमच होतें.

इतक्यांत बाजारांतील परिस्थिति पालटली. १९२५ सालीं लाइट्सचा लायका हा चिमुकला कॅमेरा आला. २४ × ३६ मि. मी. चें चित्र मोठें करून पाहावयाचें म्हणजे भिंगाचा लहानसा दोषही मोठा होणार. दुसरीकडे ड्रेस्डेन येथील एर्नेमान कारखान्यांत लुडविग बेर्तेले नांवाच्या तरुणानें १९२३ सालीं एफ २ चें 'एर्नोस्टार' काढून सर्वांस थक्क केलें होतें. त्याच भिंगाचा कॅमेरा घेऊन एरिख झालोमोन यांनीं न्यायालयांत व राष्ट्रसंघाच्या बैठकींत, दिव्यांच्या साध्या उजेडांत, मुत्सद्द्यांचीं चित्रें टिपलीं. (या थोर छायाचित्रकाराचा १९४४ सालीं आउश्विट्झ येथें नाझींनीं बळी घेतला.) बेर्तेले पुढें झाइसकडे आले, आणि १९३२ सालीं काँटॅक्स कॅमेऱ्याबरोबर त्यांचें 'सोन्नार' बाहेर पडलें, प्रथम एफ २ चें, आणि लागलीच एफ १.५ चें.

सोन्नारमधील युक्ति एका वाक्यांत सांगतां येते. दोन कांचांमध्यें जेथें हवेची पोकळी होती, तेथें बेर्तेले यांनीं हलक्या वक्रीभवनाची कांच भरून टाकली. ती कांच किरणांस फारसें वळवीत नाहीं, हवेचेंच काम बव्हंशीं करते; परंतु तीन कांचा चिकटून एक झाल्यामुळें दोन उघडीं पृष्ठें नाहींशीं होतात. एफ १.५ च्या सोन्नारमध्यें सात कांचा असून गट तीनच, म्हणजे पृष्ठें टेसारइतकींच, सहा! घर मोठें बांधलें, पण चोरवाटा वाढूं दिल्या नाहींत, असा हा प्रकार झाला. त्याबद्दल द्यावी लागलेली किंमत वेगळी होती, ती पुढें येईलच.

आतां लायकाच्या पक्षानें काय केलें तें पाहूं. १९३३ सालीं लाइट्सनें एफ २ चें 'सुमार' काढलें. या शब्दाचा मराठींतील अर्थ वाचकांस ठाऊक आहे. जर्मनांस तो ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. तें प्लानारच्या कुळांतील, सहा कांचांचें आणि आठ पृष्ठांचें. शिवाय त्याची पुढील कांच नरम, रुमालानें पुसतां पुसतां ओरखडे पडून अंधुक होणारी. त्यामुळें आज कोणी जुनें सुमार हातीं घेऊन त्यावर निकाल देईल, तर तो भिंगावर निकाल देत आहे कीं ऐंशी वर्षांच्या रुमालांवर, हें सांगणें कठीण. १९३६ सालीं एफ १.५ चें 'झेनोन' आलें. सात कांचा, पांच गट, पृष्ठें दहा. जोड्या पंचेचाळीस. त्याच तोंडाच्या सोन्नारशीं त्याची तुलना होणें अपरिहार्य होतें, आणि दिव्यांसमोर, पूर्ण उघड्या तोंडानें, ती एकतर्फीच झाली. सोन्नारमधून १०० पैकीं ७३ भाग प्रकाश पार होई, झेनोनमधून ६०. पण त्याहून महत्त्वाचें म्हणजे सोन्नारच्या सावल्या काळ्या राहत. लायकावाले मनांतून चुरचुरत. गाउस यांची रचना शीघ्र भिंगास मानवत नाहीं असें म्हणण्यास त्या दिवशीं भरपूर पुरावा होता.

तो निकाल ज्यानें फिरविला तें द्रव्य तोंडाच्या वाफेसारखें पातळ आहे. त्याची कथा मागें १८९२ पर्यंत जाते. यॉर्क येथील कुक कारखान्यांतील डेनिस टेलर यांच्या ध्यानांत आलें कीं, हवेनें डागळलेलीं, निळसर झांक आलेलीं जुनीं भिंगें टाकाऊ समजलीं जातात खरीं, परंतु नव्या लखलखीत भिंगांहून तीं अधिक प्रकाश पार जाऊं देतात! (आमच्याकडे पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी चढते, तिच्याकडून मात्र कोणीं अशा उपकाराची अपेक्षा करूं नये.) टेलर यांनीं कांच मुद्दाम डागळविण्याचे प्रयोग केले, ते भरंवशाचे झाले नाहींत. १९३५ सालीं झाइसचे अलेक्झांडर स्माकुला यांनीं निर्वात पात्रांत कांचेवर एका क्षाराचा लेप बसविण्याची कृति शोधली. लेपाची जाडी प्रकाशलहरीच्या चतुर्थांशाइतकी, म्हणजे सुमारें १ मि. मी. चा दहा हजारावा भाग. लेपाच्या वरच्या पृष्ठावरून परतलेली लहर व खालच्या पृष्ठावरून परतलेली लहर एकमेकींस मारतात, आणि शेंकडा ५ च्या ठिकाणीं दीड भागच परततो. जर्मन सैन्यानें हा शोध कांहीं वर्षें गुप्त ठेवविला. स्माकुला यांचा हक्क त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत नोंदला गेला. पॉल रुडॉल्फ मार्चमध्यें वारले होते. पहिल्या महायुद्धानंतरच्या चलनफुगवट्यांत त्यांची पुंजी बुडाली होती, आणि साठी उलटल्यावर त्यांस दुसऱ्या कारखान्यासाठीं पुन्हां भिंगें मांडीत बसावें लागलें होतें. प्लानार निर्दोष होतें, दोष कांचेच्या उघड्या अंगाचा होता, हें सिद्ध झालेलें पाहण्यास त्यांस आठ महिने कमी पडले. या गोष्टीची आम्हांस वारंवार हळहळ वाटते.

लेप लावल्यावर दहा पृष्ठांतून १०० पैकीं ८६ भाग प्रकाश पार होतो. दोनदां टक्कर घेणारा भटका प्रकाश शेंकडा ११ च्या ऐवजीं शेंकडा १ वर येतो. म्हणजे सोन्नारचा जो खास गुण, कमी पृष्ठें, त्याची किंमत एका रात्रींत उतरली. आणि त्यासाठीं त्यानें जें गहाण टाकलें होतें तें दिसूं लागलें. कांचा चिकटविल्या म्हणजे त्यांची वक्रता स्वतंत्रपणें बदलतां येत नाहीं, दोष दुरुस्त करण्याच्या जागा कमी होतात. प्लानारच्या कुळांत तशा जागा भरपूर. चित्राच्या कडांकडे तें सोन्नारच्या पुढें गेलें.

तथापि सर्व श्रेय लेपास देणें न्यायाचें होणार नाहीं. युद्धानंतरचीं दहा बारा वर्षें सोन्नारचाच वंश वाढत होता. काँटॅक्सचीं यंत्रें रशियनांनीं उचलून नेलीं, आणि तेथें सोन्नार 'ज्युपिटर' नांवानें नांदूं लागलें. जपानांत निप्पॉन कोगाकू कंपनीनें १९५० सालीं एफ १.४ चें निक्कोर काढलें तें सोन्नारच्याच घडणीचें, एफ १.५ वर शेंकडा पंधरा प्रकाशाची ही आघाडी चित्रांपेक्षां जाहिरातींत अधिक उपयोगी पडली असावी. त्याच वर्षीं अमेरिकन छायाचित्रकार डेव्हिड डग्लस डंकन यांनीं तोक्योमध्यें निक्कोरचें ८५ मि. मी. भिंग पाहिलें, कारखान्यांत जाऊन जर्मन भिंगांशीं ताडून पाहिलें, आणि कोरियाच्या युद्धावर तींच भिंगें नेलीं. त्यानंतर जर्मनीची मक्तेदारी संपली. सोन्नारचा घात खरा केला तो आरशानें. भिंगांतूनच दृश्य पाहावयाचें तर भिंग व फिल्म यांच्यामध्यें तिरपा आरसा हलण्यास जागा हवी, आणि सोन्नारची शेवटची कांच फिल्मच्या अगदीं जवळ जाऊन बसलेली. ५० मि. मी. चें सोन्नार आरशाच्या कॅमेऱ्यांत मावेना. प्लानारच्या कुळानें ५८ मि. मी. पर्यंत थोडें लांबून जुळवून घेतलें, ५८ मि. मी. चें बिओटार, १९६० च्या सुमाराचें ५८ मि. मी. चें निक्कोर हीं त्या तडजोडीचीं अपत्यें. १९६२ सालीं निक्कोर ५० मि. मी. वर आलें, आणि पुढें चाळीस वर्षें ज्याच्या त्याच्या गळ्यांत लटकणारें एफ १.४ चें किंवा एफ १.८ चें भिंग म्हणजे बहुतेक रुडॉल्फ यांचा पणतू असे.

एवढें होऊनही तुलनेचें माप जुनेंच होतें. तक्त्यावर काळ्यापांढऱ्या रेघांचे उत्तरोत्तर बारीक होत जाणारे पट्टे काढावयाचे, चित्र घ्यावयाचें, आणि मि. मी. मध्यें शेवटच्या किती रेघा वेगळ्या मोजतां आल्या तें पाहावयाचें. ज्याच्या रेघा अधिक तें भिंग श्रेष्ठ. या मापांत एक लबाडी आहे. एखादें भिंग शेवटच्या बारीक रेघाही कशाबशा दाखवितें, पण ठळक रेघांचा काळेपणा गमावतें. दुसरें लवकर थांबतें, परंतु थांबेपर्यंत काळ्यास काळें आणि पांढऱ्यास पांढरें म्हणतें. कागदावर दुसऱ्याचेंच चित्र रेखीव दिसतें. फ्रान्समधील द्युफिए यांनीं १९४६ च्या ग्रंथांत याचें गणित मांडलें, आणि अमेरिकेंत ऑटो शेड यांनीं १९४८ सालीं दूरचित्रवाणीच्या कामांतून तीच दिशा धरली : रेघांच्या प्रत्येक बारीकपणास उठाव किती शिल्लक राहतो तें मोजा, आणि त्याची वक्ररेषा काढा. रेखीवपणा व उठाव यांचें जुनें भांडण या एका रेषेंत मिटलें. परंतु ती रेषा वाचणारे थोडे, एक आंकडा विचारणारे फार.

आम्हीं स्वतः या बाबतींत शहाणपणा दाखविला असें नाहीं. तीस वर्षांपूर्वीं एका वृद्ध छायाचित्रकार स्नेह्याकडून सोन्नार जातीचें एक जुनें भिंग आमच्या हातीं आलें. आमच्याजवळ प्लानारच्या कुळांतील एक होतेंच. कॉलेजच्या ओसरीवर भिंतीस वर्तमानपत्राचें पान चिकटविलें, तिकटीवर कॅमेरे ठेविले, आणि पूर्ण उघड्या तोंडापासून एफ ८ पर्यंत दोन्ही भिंगांनीं चित्रें घेतलीं. सोन्नार एफ १.५ ला बरें, आणि एफ ४ ला त्याहून वाईट निघालें! तोंड लहान केल्यावर भिंग बिघडतें, हा शोध आम्हीं स्नेह्यांस मोठ्या ऐटींत सांगितला. त्यांनीं शांतपणें विचारलें, 'भिंत किती दूर होती?' आम्हीं म्हटलें, दीड मीटर. ते म्हणाले, 'मग भिंतीमागची खोली रेखीव आली असेल.' तें खरेंच होतें, म्हणजे भिंत पारदर्शक असती तर! सोन्नारमध्यें कडेचे व मधले किरण पुरते एका नाभीवर येत नाहींत. तोंड लहान केलें, कडेचे किरण वगळले, कीं उत्तम चित्राची जागा थोडी मागें सरकते. जुळणी आम्हीं उघड्या तोंडास केलेली, निकाल दिला तो एफ ४ वर. पान हातभर पुढेंमागें ठेवून पुन्हां चित्रें घेतलीं, तेव्हां दोन्ही भिंगांत बोट ठेवण्याजोगा फरक कडांखेरीज उरला नाहीं. पहिल्या निकालाच्या चिठ्ठ्या आम्हीं चार मित्रांस पाठविल्या होत्या. त्या परत मागविण्यास लाज वाटली.

प्लानार हें नांव झाइसनें १९५० नंतरच्या दशकांत पुन्हां वर काढलें, आणि रोलायफ्लेक्स व हॅसलब्लाड कॅमेऱ्यांवर तें घरोघरीं पोंचलें. १९६६ सालच्या एफ ०.७ च्या प्लानारनें स्टॅन्ली कुब्रिक यांनीं १९७५ च्या 'बॅरी लिंडन' मधले प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडांत टिपले. चोहोंकडे उघड्या ज्योती, आणि सावल्या शाबूत. २०१३ सालीं झाइसनेंच 'ओटस' नांवाचें ५५ मि. मी. एफ १.४ चें भिंग काढलें. त्यांत बारा कांचा दहा गटांत आहेत, म्हणजे उघडीं पृष्ठें वीस, आणि जोड्या १९०. लेप नसता तर त्यांतून तिसऱ्या हिश्श्याहून थोडाच अधिक प्रकाश पार गेला असता, आणि चित्र म्हणून दूध मिळालें असतें. मध्यापासून कडेपर्यंत असा रेखीवपणा पूर्वींच्या कोणत्याही शीघ्र भिंगांत आमच्या पाहण्यांत नाहीं.

आणि सोन्नार? तेंही परत आलें. आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांसाठीं २००६ च्या सुमारास झाइसनें ५० मि. मी. एफ १.५ चें 'सी सोन्नार' बाजारांत आणलें. उत्तम चित्राची जागा सरकण्याची खोड त्यांत आहे, आणि कारखान्यानें ती लपवून ठेविली नाहीं. माणसांचीं चित्रें घेणारे तीच खोड पैसे देऊन घेतात. त्या भिंगांत कांचा सहा आणि गट चार आहेत. बेर्तेले यांच्या १९३२ च्या भिंगांत सात कांचा व तीन गट होते. एक कांच काढून टाकली आहे, आणि हवेची एक पोकळी वाढली आहे.